पाऊणकी

शनिवारी दुपारच्या एसटीने महाडहून घरी आले, की चहा पिऊन मी खाडीवर एक चक्कर मारते. त्या शनिवारी चतुर्दशी होती, पाणी पाचपर्यंत चांगलं उतरणार होतं, म्हणून जरा लवकरच निघाले. जेटीच्या दुरुस्तीचं काम सुरू होऊन दोन महिने झाले होते. काँक्रीट फोडायच्या ब्रेकरचा कडकडाट आमच्या अंगणातही ऐकू येतो आणि आई दर फोनवर त्याची तक्रार करते. चिखलात टाकलेल्या फळ्यांवरून चालत मी जेटीच्या पोटाखाली गेले. एक मिस्त्री खांबावर हातोडी मारत होता. मारणं कसलं, टिचकी देत होता. खण्ण, खण्ण, खण्ण, आणि मग बद्द. जिथे बद्द वाजलं तिथे त्याने खडूने गोल काढला. "ताई, हिकडं नगा येऊ, घसरतंय," म्हणाला, आणि मी तिथून हलले नाही तसा परत कामाला लागला. सांगोल्याकडचा माणूस. मागच्या पोराने खडूच्या कडेने ब्रेकर लावला आणि दोन मिनिटांत खांबाचा एक मोठा पापुद्रा, नारळाची करवंटी सुटावी तसा, अख्खाच निघून त्याच्या हातात आला. मिस्त्रीने तो घेतला, बाहेरच्या बाजूवरून तळवा फिरवला आणि खूश होऊन म्हणाला, "हे ज्यानं भरलंय ना, त्यानं वरनं लई झ्याक घोटलंय बगा. असा हात आता मिळत न्हाई." मग त्याने तो तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला सळीचा काळा-तांबडा ठसा उमटला होता आणि सिमेंटमध्ये शिंपल्यांचा बारीक पांढरा चुरा दिसत होता. "आतनं मातर खारी रेती. हितलीच, खाडीची उचललीया. वरून कीर्तन, आतून तमाशा." सगळे हसले. मीही हसले. "तुमच्या गावातलाच असंल कोनतरी. वळखता का?"

"नाही," म्हणाले.

ते काम माझ्या वडिलांचं होतं.

आता यावर कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? तीस वर्षांपूर्वीचं काम, आप्पांना जाऊन दहा-बारा वर्षं झाली, तो मिस्त्री काही महिन्यांत पुढच्या साइटवर निघून जाणार. सांगून तरी काय होणार होतं? मलाही रात्री जेवेपर्यंत तसंच वाटत होतं. पण अंथरुणावर पडल्यावर 'नाही' हा शब्द नाही, तर ते हसणं आठवायला लागलं. ते खोटं नव्हतं. म्हण अगदी चपखल बसली होती आणि मला खरंच हसू आलं होतं.

जेटी आमच्या गावाच्या आधीची नाही, पण माझ्या आधीची आहे. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, बॉक्साइट खाली आणायचं, बार्जमध्ये भरायचं आणि बाणकोट खाडीच्या मुखाबाहेर नांगरलेल्या जहाजापर्यंत न्यायचं, यासाठी बांधलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. मधल्या काळात पाटी इतक्या वेळा बदलली, की नेमकं कोणतं नाव लिहावं हाही प्रश्नच आहे. लहानपणी आमच्या अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत तांबूस छटा चढायची. आई ते झटकत कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि त्याच कंपनीच्या पगारातून माझ्या शाळेची फी भरायची. आप्पा तिथे मुकादम होते. खाकी हाफ पँट, डोक्याला पंचा, खिशात वही. बार्ज लागली की दोर टाकणाऱ्यापासून डंपरवाल्यापर्यंत सगळ्यांवर ओरडायचं काम त्यांचं. पण त्यांचा खरा जीव गवंडीकामात. आजोबा गवंडी होते, आणि नोकरी लागली तरी आप्पांच्या हातातला घोटायचा गुरमाळा काही सुटला नाही. 1994 च्या मे महिन्यात जेटीचे खांब फुटायला लागले आणि सळ्या दिसू लागल्या, तेव्हा साहेबाने विचारलं, पावसाच्या आधी कोण करून देईल? आप्पा म्हणाले, मी. घरी येऊन त्यांनी हे ज्या थाटात सांगितलं तो थाट मला अजून आठवतो. मी सातवीत होते. डबा द्यायला जायचे तेव्हा ते परांचीवर बसून खांब घोटत असायचे. नीरूचा शेवटचा गुळगुळीत हात फिरवून झाल्यावर ओल्या सिमेंटवर ऊन पडायचं आणि खांब नवीन पितळी तांब्यासारखा चमकायचा.

आवाजावरून आतलं ओळखायची रीत आपल्याकडे नवीन नाही. बाजारात माठ घेताना आई बोटाच्या पेराने वाजवते. फणस वाजवून पिकला का ते सांगणारी माणसं गावात होती आणि त्यांचा अंदाज चुकला तर आठवडाभर त्यांची थट्टा व्हायची. मिस्त्रीकडे हातोडी होती तसं त्याच्या साहेबाकडे एक मीटरही होतं. तरुण इंजिनिअर, गॉगल लावलेला, वायरीचं एक टोक सळीला आणि दुसरं ओल्या स्पंजातून काँक्रीटला टेकवून आकडे टिपून घ्यायचा. उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली गेलं, की आत गंज चालू आहे असं जवळजवळ नक्की धरायचं, असं त्याने मला समजावून सांगितलं. मिस्त्री त्याच्या मागे उभा राहून हातोडीने तोच खांब वाजवत होता. साहेबाने आकडा लिहिला, मिस्त्रीने खडू मारला. बहुतेक ठिकाणी दोघांचं जुळलं. जिथे जुळलं नाही तिथे कोणाचं खरं निघालं, ते मी विचारलं नाही. मिस्त्रीच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

गंजाचं प्रकरण मला मिस्त्रीपेक्षा त्या पोरसवदा साहेबाकडून जास्त कळलं, आणि कळल्यावर थोडं वाईटच वाटलं. सिमेंट मुळात अल्कधर्मी असतं. त्याच्या कह्यात लोखंडावर एक अगदी पातळ पापुद्रा धरतो आणि तो आहे तोवर सळी गंजत नाही. मीठ तो पापुद्रा फोडतं. बाहेरून खारं पाणी झिरपत झिरपत सळीपर्यंत पोचायला वर्षं लागतात, म्हणून तर सळीच्या बाहेर काँक्रीटचं जाड पांघरूण ठेवायचं. भरती-ओहोटीच्या टप्प्यातल्या बांधकामाला ते 75 मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन इंच हवं असं आपल्याकडच्या मानकात आहे. आमच्या जेटीला जेमतेम बोटभर. पण रेतीच खारी असली तर मिठाला बाहेरून यायची गरजच नाही. ते पहिल्या दिवसापासून सळीच्या उशाला बसलेलं असतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. आतून फुगतो, काँक्रीट उचलतो, भेग पडते, भेगेतून आणखी पाणी. सगळ्यात वाईट अवस्था कायम पाण्याखाली असलेल्या भागाची नसते, तिथे हवा कमी. कायम कोरड्या भागाचीही नसते. दिवसातून दोनदा भिजून दोनदा वाळणारा जो मधला पट्टा, तो सगळ्यात आधी जातो. आप्पांनी नेमका तोच पट्टा भरला होता, कारण फुटला होता तोच.

सावित्रीकडे आम्ही गावातले लोक नदी म्हणून फारसं बघत नाही. आमच्यापाशी येईपर्यंत ती खाडी झालेली असते. महाबळेश्वरला देवळातल्या गोमुखातून पडणारी पाण्याची धार दाखवून 'ही सावित्री' असं कोणी सांगितलं, की मला आमची गढूळ, रुंद, डिझेलचा वास येणारी, रेतीच्या होड्यांनी भरलेली सावित्री आठवते आणि हसू येतं. इथे ती कामाची बाई आहे. पण ती नदीच आहे हे 2016 च्या 2 ऑगस्टच्या रात्री कळलं. महाडजवळचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत एसटीच्या दोन गाड्या आणि बाकीची वाहनं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस शोध घेणाऱ्या बोटी खाडीत फिरत होत्या. आम्ही धक्क्यावर उभे राहून बघायचो, कोणी बोलायचं नाही. नवीन पूल 165 दिवसांत उभा राहिला, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण मला आठवतं ते वेगळंच. त्या ऑगस्टनंतर गावातला प्रत्येक माणूस जेटीच्या खालून जाताना मान वर करून बघायला लागला. आधी कोणी बघत नव्हतं. फुटलेले खांब तेव्हाही होतेच.

मग 2021 चा जुलै आला. 22 तारखेला महाड पाण्याखाली गेलं, तळिये गावावर डोंगर आला. खाली आमच्याकडे पाण्यातून मुळासकट झाडं, गॅसची सिलिंडरं, दुकानांच्या पाट्या वाहत येत होत्या. ती झाडं जेटीच्या खांबांत अडकली, त्यांच्यामागे आणखी कचरा अडकला आणि पाण्याला भिंत मिळाली. जेटी उभी राहिली, पण नदीच्या वरच्या अंगाचे दोन खांब तेव्हाच मधोमध तडकले असावेत. पुढे एका पावसाळ्यात दोर तुटलेली रिकामी बार्ज येऊन नेमकी तिथेच धडकली, टक्कर झेलणाऱ्या फेंडरचे टायर पलीकडच्या गावात सापडले, आणि तेव्हा कुठे दुरुस्तीची फाइल हलली. सरळ पाडून नवी का बांधत नाहीत, असं मी इंजिनिअरला विचारलं होतं. तो म्हणाला, मॅडम, नवीन बांधायला काम बंद ठेवावं लागेल. म्हणजे अर्ध्या जेटीवर बार्ज भरतेय आणि उरलेल्या अर्ध्याच्या पोटात माणसं खांब फोडताहेत, असं चाललंय. वरून डंपर गेला की खाली परांची थरथरते. मिस्त्री मान खाली घालून एवढंच म्हणतो, "गेला."

तसा तो एरवी बोलका आहे. सांगोल्याला पाण्याचा टँकर कधी येणार याची वाट बघत मोठा झालेला माणूस आज भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर बघून माणसं उभी करतो, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटतं. "आमच्याकडं पानी आलं का न्हाई बघायचं, हितं गेलं का न्हाई बघतोय." खालच्या पट्ट्यातलं काम फक्त उधाणाच्या ओहोटीला करता येतं. आमच्या बाजूला अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि मध्यरात्री येते, म्हणजे पाणी सगळ्यात खाली जातं ते पहाटे सहाला नाहीतर संध्याकाळी सहाला. डिसेंबरात दोन्ही वेळा अंधुक. फोकस लावून, गुडघाभर चिखलात उभं राहून दोन-अडीच तास मिळतात. तेवढ्यात खांबाला चिकटलेली कालवं खरवडायची, पोकळ भाग फोडायचा, सळीच्या मागेही बोट जाईल इतकं खोदायचं, वायर ब्रशने गंज काढायचा आणि टँकरच्या गोड्या पाण्याने सगळं धुऊन घ्यायचं. हे धुणं मी दोनदा पाहिलं. खाडीत उभं राहून गोड्या पाण्याने खांबाला अंघोळ घालायची आणि चार तासांनी तो परत खाऱ्या पाण्यात. कालवं गेली म्हणून आमच्या वाडीतल्या बायका वैतागल्या आहेत. "धा वर्सांची कालवं, एका दुपारात नेलीन मेल्यान," असं एकीने माझ्यासमोर मिस्त्रीला सुनावलं. मिस्त्रीला ते खायचं असतं हेच माहीत नव्हतं.

गेलेल्या सळीला नवी सळी जोडतात, मग खांबाभोवती फायबरचं कवच दोन्ही बाजूंनी बसवून आवळतात आणि आत पातळ मायक्रोकाँक्रीट पंपाने खालून भरतात. वरून नाही, खालून. वरून ओतलं तर ते पाण्यातून पडताना सिमेंट धुऊन जातं. खालून भरलं की जड माल वर वर चढत येतो आणि आत अडकलेलं खाडीचं पाणी वरच्या भोकातून बाहेर ढकलतो. आधी गढूळ पाणी येतं, मग राखाडी, मग नुसता राखाडी चिखल. तो आला की पंप बंद. कवचाच्या आत, जुन्या आणि नव्या काँक्रीटच्या सांध्याला लागून, सळीला जस्ताच्या लहान वड्या बांधलेल्या असतात. त्या कशाला, म्हटलं. तर नव्या ठिगळाने आतली सळी वाचते, पण त्याच सळीचा पुढचा तुकडा जुन्या खाऱ्या काँक्रीटमध्ये असतो. तो एकदम जोरात गंजायला लागतो. दोघांत एक प्रकारची बॅटरीच तयार होते. म्हणून मध्ये जस्त ठेवायचं. ते लोखंडाच्या आधी झिजतं. 1994 ला असलं काही आमच्या जेटीवर कोणाला ठाऊक नव्हतं. आप्पांनी भरलेल्या पट्ट्याच्या बरोबर वर आणि खाली हातभर अंतरावर नव्या भेगा पडलेल्या मी स्वतः पाहिल्या. रेती गोडी असती तरी त्या पडल्या असत्या का, हे मला त्या इंजिनिअरला विचारायचं होतं. विचारलं असतं तर त्याने मला का विचारताय असं विचारलं असतं.

जेटीच्या शेजारीच जुना धक्का आहे, जांभ्याचा. त्याला कोणी दुरुस्त करत नाही आणि तो पडतही नाही. माझी आजी लग्न होऊन आली ती त्या धक्क्यावर उतरली होती, मुंबईच्या बोटीतून बाणकोट आणि तिथून पडावाने. चिरे भरती-ओहोटीच्या रेषेला कुरतडल्यासारखे झाले आहेत, दोन-चार निखळलेत, बाकी आहेत तसे आहेत. मुखाशी बाणकोटचा किल्ला उभा आहे तसाच. इंग्रजांनी तो अठराव्या शतकात घेतला आणि त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं, राणी व्हिक्टोरिया जन्मायच्या कितीतरी आधी. शाळेत असताना या एका गोष्टीवरून मी गुरुजींशी वाद घातला होता आणि जिंकले होते. तर या धक्क्यात आणि किल्ल्यात चुना आहे, दगड आहे, पण लोखंड नाही. मीठ त्यांच्याही पोटात गेलंय, पण तिथे गंजायलाच कोणी नाही. अर्थात त्या धक्क्याला हजार टनांची बार्ज बांधायची म्हटलं तर पहिल्या भरतीला धक्काच बार्जबरोबर जाईल, हेही खरं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी दोर टाकून बघावा.

आईला मी त्याच रात्री विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सोलं वाळत घातलेल्या सुपावरून हात फिरवत बसली होती, तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, आप्पांनी जेटीचं काम केलं त्या वर्षीचं तुला काय आठवतं? तिला खांब आठवत नव्हते. तिला विहीर आठवत होती. "ते वर्ष कसली विसरत्ये. मे महिन्यात विहिरीन तळ गाठलान, आणि हे रोज पिंपं भरून पाणी जेटीवर न्यायचे. सिमेंटात खारं पाणी चालत नाही म्हणे. शेजारची रोज भांडायला दारात. शेवटी मीच कळशी घेऊन खालच्या पाणंदीला जायला लागल्ये." म्हणजे पाण्याचं त्यांना माहीत होतं. घरच्या विहिरीतलं गोडं पाणी उपसून त्यांनी नेलं होतं, घरात भांडणं लावून नेलं होतं. मग रेतीचं माहीत नव्हतं? की होतं? मी विचारलं, रेती कुठून यायची गं? "मला काय ठाऊक रेतीचं? उरलेली आणलेली ना त्यांनी, मागल्या खोलीचा कोबा घातला त्याच रेतीत."

मागल्या खोलीचा कोबा मला चांगला ठाऊक आहे. तांबडा रंग घालून आप्पांनी तो असा घोटलाय, की अजून आडवं झालं तर छताचा वासा त्यात दिसतो. मे महिन्यातल्या दुपारी त्यावर उघड्या पाठीने पडण्यासारखं सुख नाही. फक्त पावसाळ्यात त्याला घाम येतो. जुलैत तिथे गोणपाट टाकलं तर सकाळी ओलं होतं, भिंतीला खालून हातभर लोणा चढतो, धान्य तिथे ठेवायचं नाही हा आमच्या घरातला नियम. पुढच्या खोलीच्या कोब्याला असं काही होत नाही. लहानपणापासून मला सांगितलं होतं, की मागे डोंगर आहे म्हणून ओल येते. मीही माझ्या मुलाला तेच सांगत आले. त्या दुपारी मी मागल्या खोलीत गेले आणि कोपऱ्यात, जिथे रंग उडालाय तिथे, चष्मा लावून बघितलं. शिंपल्यांचा चुरा दिसला. तीस वर्षं त्यावर झोपले होते.

आप्पांच्या वह्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, हे मला माहीत होतं. काढायला आठवडा लागला, कारण मध्ये महाड, ऑफिस, मुलाची परीक्षा. परवाच्या फेरीत मिस्त्रीनेच आठवण करून दिली. कुठल्या खांबाला आधी काय केलंय याची काही नोंद सापडती का, कंपनीकडं तर कागद न्हाई, तुमच्या गावात कुणाकडं असंल तर बगा, असं तो चहाच्या टपरीवर सगळ्यांनाच सांगत होता. म्हणजे कोणता खांब फोडायचा आणि कोणाला नुसतं जॅकेट, म्हणजे ते कवच, घालायचं ते ठरवायला सोपं जाईल. त्याच्या दृष्टीने ती एवढीच गोष्ट होती.

वह्या शाळेच्याच आहेत, दोनशे पानी. प्रत्येक पानाला डाव्या कडेला तिथी, तिच्यासमोर भरतीची वेळ. ती काढायची रीत आप्पांनी मला पाढ्यांबरोबर शिकवली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. आपण खाडीत आत आहोत म्हणून वर थोडं धरायचं. आमच्या वर्गात कोणालाच पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, येत नव्हती, ती अभ्यासक्रमातून कधीच गेली होती. मला यायची आणि तिचा उपयोग परीक्षेत शून्य होता. वहीत मे 1994 ची पानं मिळाली. खांबांना त्यांनी वरच्या अंगापासून आकडे दिले होते, एक ते अठरा. कोणत्या दिवशी कोणता खांब, किती गोणी सिमेंट, कोण गैरहजर, चहा-पावाचे किती. अक्षर टपोरं, आकड्यांखाली दोन रेघा. वैशाख संपत आला तशी शाईची घाई दिसते. मग एका पानावर, 'रेती आली नाही.' दुसऱ्या दिवशी, 'रेती आली नाही. साहेब आले.' तिसऱ्या दिवशी, 'रेती नाही. मजूर बसून.' चौथ्या दिवशी नुसतं 'नाही'. पाचव्या दिवशी, 'काम सुरू. खांब 7, 8.' रेती आली असं कुठेच लिहिलेलं नाही. पुढच्या सगळ्या पानांवर आकडे, गोणी, चहा-पाव, सगळं आहे. 18 नंबरच्या खांबासमोर त्यांनी दोनऐवजी तीन रेघा मारल्यात. त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या पानावर फक्त एक शब्द, 'पाऊस'.

मी हिशेब केला. मिस्त्रीने माझ्यासमोर सोडवला तो पापुद्रा वरच्या अंगाकडून अकराव्या खांबाचा. एक ते सहा खांबांपैकी दोन तर पुराने आणि बार्जने मोडलेच. उरलेल्या चारांवर खडूचे गोल कमी आहेत, पण आहेत. ते मी कालच्या ओहोटीला जाऊन मोजून आले, कोणी विचारलं असतं तर फिरायला आले म्हणून सांगायचं ठरवून. ते चार खांब घोटलेले मात्र अगदी बाकीच्यांसारखेच आहेत. हात फिरवून फरक कळत नाही.

आज शनिवार. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून झालेत, त्या पाच दिवसांच्या पानांचेही. मिस्त्रीचा नंबर टपरीवाल्याने दिलाय. फोटो पाठवले की निळ्या खुणा येतील आणि तो विचारेल, ही वही कुणाची? ते मला मोबाइलवर सांगायचं नाही. वहीच घेऊन जाईन म्हणते. उद्या सप्तमी, सात पाऊण सव्वापाच. म्हणजे साडेअकराच्या आसपास ओहोटी, पण भांगाचं पाणी, फारसं उतरणार नाही. खालचं काम बंद असेल. तो टपरीवरच सापडेल.